वकील कोणता द्यायचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जिल्हा न्यायालयात मी पस्तीस वर्षं नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि २०१० साली शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं सत्र न्यायालयात बेंच क्लार्क होतो. बेंच क्लार्क म्हणजे न्यायाधीशांच्या पुढ्यात, एक पायरी खाली बसणारा माणूस. कागदांवर निशाणी क्रमांक टाकायचे, रोजनामा लिहायचा, पुढची तारीख द्यायची, ही त्याची कामं. त्या खुर्चीवरून साक्षीदार दिसतो, आरोपी दिसतो, आणि सगळ्यात स्पष्ट दिसतो तो वकील. त्यानं फाईल वाचली आहे की नाही, हे तो तोंड उघडण्याआधी त्याच्या हातांवरून कळतं. वाचलेला माणूस पानं उलटत नाही, नेमकं पान काढतो.

एवढं सगळं पाहिलेला मी. पण माझ्या सख्ख्या भाच्यावर वेळ आली तेव्हा मी वकील निवडण्यात चुकलो. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

जून २०१२ ची गोष्ट. मृग लागला होता, पेरणीची घाई होती. रात्री साडेनऊला माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन आला. "पोराला धरून नेलं रे," एवढंच ती बोलू शकली. शेजारच्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टर घालताना बांध कोरला होता. भाचा जाब विचारायला गेला. शिव्या झाल्या, काठ्या निघाल्या, आणि शेवटी भाच्याच्या हातातली कुऱ्हाड शेजाऱ्याच्या डोक्याला लागली. माणूस वाचला, पण डोकं आणि कुऱ्हाड म्हटल्यावर पोलिसांनी कलम ३०७ लावलं. खुनाचा प्रयत्न, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. फिर्यादीत दाजींचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचंही नाव होतं. (१ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात हेच कलम १०९ झालं आहे. आकडे बदलले, घराघरांतली धांदल तीच आहे.)

मी पोचलो तेव्हा ओसरीवर वीसेक माणसं जमली होती आणि प्रत्येकाकडे एका वकिलाचं नाव होतं. दाजींच्या चुलतभावाचं म्हणणं, जमिनीची कामं करणारे आपले नेहमीचे वकील आहेत, त्यांनाच देऊ. ते गृहस्थ चांगले होते, पण सगळं आयुष्य दिवाणीत गेलेलं. हाडाच्या डॉक्टरकडून कुणी डोळ्याचं ऑपरेशन करून घेत नाही. वकिलांच्या बाबतीत मात्र काळा कोट दिसला की आपलं समाधान होतं. एक जण पोलीस ठाण्याच्या दारातून थेट आला होता. "साहेबांशी बोलणं करून देतो, वकीलही आपलाच आहे, सुटण्याची गॅरंटी," म्हणाला. त्याला मी चहा पाजून वाटेला लावलं. हे तरी मला माहीत होतं. सुटण्याची गॅरंटी कुठलाही वकील देऊ शकत नाही, आणि निकालावर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. गॅरंटी देणारा माणूस बहुतेक वेळा वकील नसतोच, दलाल असतो.

आणि तिसरं नाव निघालं ते मोठ्या शहरातल्या नामांकित वकिलांचं. पेपरात फोटो येतात ते. गावातल्या पुढाऱ्याची त्यांच्याशी ओळख होती. नाव निघाल्याबरोबर ओसरीवर सगळे गप्प झाले आणि माझ्याकडे बघायला लागले.

श्रोतेहो, त्याच वेळी माझ्या डोक्यात चौथं नाव होतं. आमच्याच न्यायालयातल्या एक वकीलबाई. त्यांना मी पंधरा वर्षं बघत आलो होतो. न्यायाधीश आसनावर येण्याआधी पाच मिनिटं त्या दुसऱ्या रांगेत येऊन बसलेल्या असत. उलटतपासणीत प्रश्न मोजके. नको तो प्रश्न विचारायचा मोह त्यांना झालेला मी कधी पाहिला नाही. त्या उभ्या राहिल्या की न्यायाधीश खुर्चीत जरा पुढे सरकून बसत. पण मी ते नाव घेतलं नाही. अक्काचं पोरगं आत, आणि मी गावातल्याच, ते सुद्धा बाई वकिलाचं नाव सुचवायचं? लोक म्हणतील, भावानं स्वस्तातलं काम केलं. मी मान हलवली आणि म्हणालो, "मोठ्या वकिलांनाच देऊ."

फी दीड लाख ठरली, त्यातले पाऊण लाख आधी. अक्काचे गोठ आणि मोहनमाळ पतसंस्थेत गहाण पडली.

त्यांच्यावर अन्याय नको म्हणून सांगतो. दाजी आणि त्यांचे भाऊ यांचा अटकपूर्व जामीन त्यांनी चोख करून दिला. ते स्वतः आले, वीस मिनिटं बोलले, आणि ते वीस मिनिटांचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. पण त्यानंतर ते आमच्या जिल्ह्यात पुन्हा आलेच नाहीत. आले ते त्यांचे ज्युनिअर, दर वेळी वेगळे.

आता पहिल्या दिवसाबद्दल. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा त्याला हक्क आहे. हे संविधानाच्या २२व्या अनुच्छेदातच आहे. चौकशीच्या काळात वकिलाला भेटता येतं, मात्र वकील चौकशीभर शेजारी बसून राहू शकत नाही. लोकांना वाटतं, पहिल्या रिमांडला काय होणार, पोलीस कोठडी तर मिळणारच. पण खटल्याचा पाया तिथंच पडतो. मॅजिस्ट्रेट आरोपीला विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? भाच्याला विचारलं. तो 'नाही' म्हणाला. खरंच होतं, पोलिसांनी त्याला बोटही लावलं नव्हतं. पण त्याच्या डाव्या मनगटावर शेजाऱ्याची काठी बसली होती, हात सुजला होता, आणि हे सांगायची हीच जागा आहे हे त्याला कोण सांगणार? ज्युनिअर वकील त्या वेळी बाहेर व्हरांड्यात फोनवर होता. रोजनाम्यात ओळ पडली : आरोपीची तक्रार नाही. अशा ओळी मी स्वतः हजारो वेळा लिहिल्या आहेत. त्या ओळीच्या खाली सुजलेलं मनगट असू शकतं, हे मला त्यानंतर कळलं.

जुलैत जामीन फेटाळला गेला. जखमी अजून दवाखान्यात होता, तपास चालू होता, त्यामुळे ते अपेक्षितच होतं. ऑगस्टअखेर दोषारोपपत्र आलं. त्यानंतर जामिनाचा नवा अर्ज टाकला आणि मग सुरू झाल्या तारखा. वरिष्ठ उच्च न्यायालयात आहेत, वरिष्ठ प्रवासात आहेत, वरिष्ठांची तब्येत ठीक नाही. तीन वेळा आमच्याच बाजूनं मुदत मागितली गेली. भाच्याच्या मुलीचं बारसं तो आत असताना झालं. सोयाबीनची पेरणी दाजींनी मजूर लावून कशीबशी केली. मी मात्र अक्काला सांगत होतो, "मोठी माणसं आहेत, वेळ लागतो."

नोव्हेंबरात एकदा तुरुंगात भेटायला गेलो. भाचा म्हणाला, "मामा, वकीलसाहेब दिसायला कसे आहेत?" पाच महिने झाले होते. त्यानं आपला वकील पाहिलाच नव्हता.

तिथून बाहेर पडलो आणि सरळ त्या बाईंच्या ऑफिसात गेलो. जुन्या बाजारपेठेत, जिन्याखालची खोली. त्यांनी मला ओळखलं. कोर्टात सगळे वकील आम्हाला भाऊसाहेब म्हणतात. म्हणाल्या, "बसा भाऊसाहेब. दोषारोपपत्र आणलंय?" मी दिलं. अर्धा तास त्या वाचत होत्या, मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. मग त्यांनी विचारलं, "त्याला काय लागलंय?"

मी म्हणालो, "कुणाला?"

"तुमच्या भाच्याला. शेजाऱ्याच्या घरचे तीन माणसं काठ्या घेऊन उभे होते असं त्यांचाच साक्षीदार सांगतोय. मग याच्या अंगावर काहीच नाही?"

पाच महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

मग त्यांनी सांगितलं की निकालाचं आश्वासन त्या देणार नाहीत. जामीन मिळण्यासारखा आहे, खटला लढवण्यासारखा आहे, पण कुऱ्हाड लागली हे नाकारता येणार नाही. एका कागदावर फी लिहून दिली : जामिनाची इतकी, साक्षीपुराव्याची इतकी, युक्तिवादाची इतकी, ज्या त्या टप्प्याला द्यायची, पावती मिळेल. "आणि उलटतपासणी मी स्वतः घेईन. कधी येऊ शकले नाही तर आदल्या दिवशी कळवीन." हे त्यांनी न विचारता सांगितलं. कुठल्याही वकिलाकडे गेलात तर हे तुम्ही विचारून घ्या. आमच्या खटल्यात कोर्टात प्रत्यक्ष कोण उभं राहणार? साक्षीदाराला प्रश्न कोण विचारणार? यात वकिलाचा अपमान नाही. चांगल्या वकिलाला हा प्रश्न आवडतो.

जुन्या वकिलांकडून कागद घ्यायला गेलो तर त्यांचा कारकून म्हणाला, "उरलेली फी भरा, मग फाईल." हेही लक्षात ठेवा : फी राहिली म्हणून वकिलाला अशिलाची फाईल अडवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली हे स्पष्ट केलं आहे. फीसाठी त्याला वेगळा मार्ग आहे. मी एवढंच शांतपणे सांगितलं आणि तासाभरात फाईल, हरकत नसल्याची सही, सगळं हातात पडलं. वकील बदलणं हे पाप आहे असं आपल्याकडे समजतात. आरोपीचा तो हक्क आहे. फक्त ऐन साक्षीच्या मध्यावर बदलू नका, नव्या माणसाला खटला समजायला वेळ लागतो.

४ डिसेंबरला भाचा जामिनावर बाहेर आला. पाच महिने वीस दिवस.

खटला २०१४ मध्ये उभा राहिला. त्याआधी बाईंनी भाच्याला सहा वेळा ऑफिसात बोलावलं. तिसऱ्या भेटीत कळलं की कुऱ्हाड घरून नेलेली होती. आम्ही सगळ्यांनी ते दडपलं होतं, 'भांडणात कुणाची तरी हातात आली' असं ठरवून सांगत होतो. बाई चिडल्या. त्या दिवशी तो बांधावर कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या तोडायला गेला होता, कुऱ्हाड त्यासाठी होती, आणि तोडलेल्या फांद्या पंचनाम्यातच लिहिलेल्या होत्या! आमच्या खोट्यानं आमचाच पुरावा झाकला जात होता. वकिलाला सांगितलेलं गुपित कायद्यानं सुरक्षित असतं. झाल्या गुन्ह्याबद्दल अशील जे सांगतो ते त्याच्या संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही. तरी घरची माणसं पोलिसांना सांगायचं तेच वकिलालाही सांगतात.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग इथं सांगतो. नव्वदच्या दशकातला खुनाचा खटला होता. बचाव असा की आरोपी त्या जागी नव्हताच. वकिलांचा आवाज मोठा, हातवारे मोठे, मागे अशिलाचे नातेवाईक कौतुकानं बघताहेत. उलटतपासणीच्या भरात वकिलांनी साक्षीदाराला विचारलं, "अंधार असल्यामुळे माझ्या अशिलानं पहिला फटका कुठं मारला हे तुम्हाला दिसलं नाही, हे खरं आहे का?" न्यायाधीशांनी मान वर करून वकिलांकडे पाहिलं. एक क्षण थांबले, की हा माणूस प्रश्न मागे घेतो का. त्यानं घेतला नाही. टंकलेखकानं वाक्य टाईप केलं. त्या एका प्रश्नात आरोपी जागेवरही आला आणि त्यानं फटकाही मारला. मागच्या बाकावरच्या बायकांना काय झालं ते कळलं नाही, त्या अजून कौतुकानंच बघत होत्या. २०२३ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की बचाव पक्षाच्या वकिलानं उलटतपासणीत सुचवलेल्या गोष्टी आरोपीच्या विरुद्ध विचारात घेता येतात. म्हणजे वकिलाच्या तोंडून गेलेला शब्द आरोपीच्या खात्यावर जमा होतो.

आमच्या बाईंनी डॉक्टरांना चारच प्रश्न विचारले. दाखल्यात जखम 'फुटलेली' लिहिली आहे की 'चिरलेली'? फुटलेली. धारदार पात्यानं जखम कशी होते? चिरलेली. मग ही जखम कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूनं होऊ शकते? होऊ शकते. बाजू फिरली नसती तर जखम याहून खोल झाली असती? हो. त्या खाली बसल्या. हा दाखला पहिल्या दिवसापासून दोषारोपपत्रात होता. मनगटाचंही त्यांनी शोधून काढलं. तुरुंगात दाखल करून घेताना प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते. तिथल्या नोंदवहीत 'डाव्या मनगटाला सूज' अशी ओळ होती. तुरुंगाच्या डॉक्टरांना त्यांनी बचावाचे साक्षीदार म्हणून बोलावलं. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्ष करत नसेल तर ती बाब महत्त्वाची ठरते, असं सर्वोच्च न्यायालय १९७६ पासून सांगत आलं आहे.

हे सगळं पैसा होता म्हणून झालं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. म्हणून ज्यांच्याकडे गोठ आणि मोहनमाळही नाही त्यांच्याबद्दल थोडं बोललंच पाहिजे. सरकारी खर्चानं वकील मिळणं हा उपकार नाही, हक्क आहे. १९७८ साली होसकोट खटल्यात, जो आपल्या महाराष्ट्रातलाच, सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या माणसाच्या अपिलासाठी तो मान्य केला. कायद्यानं स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. कसाबलासुद्धा सरकारी खर्चानं वकील दिला होता. त्यावरून लोकांना राग आला होता, मलाही आला होता. पण २०१२ च्या त्याच निकालात न्यायालयानं मॅजिस्ट्रेटना बजावलं की आरोपी पहिल्यांदा पुढे येताच त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगा. आणि अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असे ठराव वकील संघ करतात, ते बेकायदा आहेत, हे २०१० सालीच सांगून झालं आहे.

आम्ही कर्मचारी 'फुकटचा वकील' म्हणून हसायचो, हे कबूल करतो. हसण्यासारखं पुष्कळ घडायचंही. मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात ज्या दिवशी वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित केले गेले. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं ती फाशीची शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवायला पाठवला आणि सांगितलं की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात नेमलेला वकील किमान दहा वर्षं काम केलेला हवा आणि त्याला तयारीला निदान सात दिवस द्या. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालयं सुरू झाली. तिथले वकील पूर्णवेळ बचावाचंच काम करतात. आमच्या न्यायालयाच्या आवारातही आहे. मी परवा मुद्दाम जाऊन बसलो होतो. तीन तरुण वकील होते, एका म्हाताऱ्या बाईला दोषारोपपत्र वाचून दाखवत होते, आणि ती मध्येच 'हे खोटं आहे' म्हणून थांबवत होती. ते थांबत होते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा कार्यालयात अर्ज करता येतो, आणि १५१०० हा क्रमांक फिरवला तरी माहिती मिळते.

मला अजूनही लोक विचारायला येतात, कोणता वकील देऊ? मी नाव सांगत नाही. मी म्हणतो, एक दिवस कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. न्यायालय सगळ्यांना खुलं असतं, काही नाजूक खटले सोडले तर कुणी उठवत नाही. बोर्डावर सत्र खटले बघा. कोण वेळेवर येतो, कोण दर वेळी मुदत मागतो, कोणाच्या प्रश्नानंतर न्यायाधीश काहीतरी लिहून घेतात, एवढं बघा. हल्ली मोबाईलवर ई-कोर्ट्समध्ये वकिलाच्या नावानं खटले आणि तारखा दिसतात. पण बाकावर बसण्याला पर्याय नाही. चार तासांत समजतं. मला तर पंधरा वर्षं मिळाली होती.

२०१५ साली निकाल लागला. ३०७ सिद्ध झालं नाही. ३२४ खाली, म्हणजे हत्यारानं दुखापत केल्याबद्दल, भाचा दोषी ठरला. भोगली तेवढीच कैद आणि दंड. दंडातून जखमीला भरपाई. दाजी आणि त्यांचे भाऊ निर्दोष. ज्याला लागलं तो शेजारीही त्या दिवशी कोर्टात होता, कपाळावरचा व्रण अजून दिसत होता. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण एकाच एसटीनं गावी गेले. दुसरी एसटी नव्हतीच.

निकालानंतर व्हरांड्यात अक्कानं वकीलबाईंचे हात धरले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "या बाई तुझ्या ओळखीच्या होत्या ना? मग आधीच यांच्याकडे का नाही आलो आपण?"

"तेव्हा घाईत सुचलं नाही," मी म्हणालो.

अक्का आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून रोज सकाळी रेडिओ लावून बसते. आज हे भाषण आहे, हे मी तिला कळवलं आहे.